वाचकांचे प्रश्न : ग्रीनकार्ड, व्हिसा आणि सरकारी आरोग्यविमा

मुले परदेशात आणि आई-वडील नाशकात, अशा घरांतून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एकच विषय वारंवार दिसतो : आजारपणाचा खर्च कोणत्या देशाचे सरकार, कोणत्या कागदाच्या आधारे उचलणार? त्यांपैकी चार पत्रे आणि थोडे वेगळे असे पाचवे पत्र या अंकासाठी घेतले आहे. ‘मला अमुक देशाचा व्हिसा आहे, तर मला तिथला विमा मिळेल का’ या प्रश्नाचे थेट उत्तर देता येत नाही, कारण सरकारी योजना तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासतात : हातात कोणता दर्जा आहे, तो कोणत्या तारखेपासून आहे आणि माणूस प्रत्यक्षात कुठे राहतो. बहुतेक कुटुंबे पहिल्याच गोष्टीपाशी थांबतात आणि बाकीच्या दोन अर्ज नामंजूर झाल्यावर कळतात.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून इंदिरानगर येथे राहतो. वय ६८ आणि ६५. मुलगा न्यू जर्सीत असून तो अमेरिकी नागरिक आहे. त्याने अर्ज केल्यामुळे मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होऊन आमचा इमिग्रंट व्हिसा मंजूर झाला आहे. दिवाळीनंतर जायचे आहे. मुलाचे म्हणणे असे की ६५ वर्षांवरील लोकांना तिथे मेडिकेअर हा सरकारी विमा मिळतो, तेव्हा इथली फॅमिली फ्लोटर पॉलिसी चालू ठेवण्यात अर्थ नाही. तिचा हप्ताही यंदा बराच वाढला आहे. वर्षातले सहा महिने तिथे आणि सहा महिने इथे राहण्याचा आमचा विचार आहे. पॉलिसी बंद करावी का?

उत्तर : बंद करू नये. मुलाची माहिती चुकीची नाही, पण ती त्याच्या स्वतःच्या म्हातारपणाला लागू पडते, आपल्या नाही.

मेडिकेअर १९६५ च्या कायद्याने सुरू झाले आणि ते मुख्यतः तिथे नोकरी करून पगारातून कर भरलेल्यांसाठी आहे. स्वतः किंवा जोडीदाराने ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, असा कर भरला असेल तर ६५ व्या वर्षी रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा भाग, ज्याला पार्ट ए म्हणतात, तो हप्त्याविना मिळतो. मुलाने वीस वर्षे कर भरला असला तरी त्याच्या हयातीत तो आई-वडिलांच्या खात्यावर धरला जात नाही. आपण दोघांनी तिथे नोकरी केलेली नाही, म्हणून हा मार्ग आपल्यासाठी बंद आहे.

दुसरा मार्ग विकत घेण्याचा आहे. वय ६५ पूर्ण असलेला ग्रीनकार्डधारक (म्हणजे आपल्यासारखा इमिग्रंट व्हिसावर जाऊन कायम वास्तव्याचे कार्ड मिळवलेला) अर्जाच्या लगेच आधीची सलग पाच वर्षे अमेरिकेत राहिलेला असेल, तर त्याला हप्ता भरून मेडिकेअर घेता येते. २०२६ चा पार्ट ए चा पूर्ण हप्ता महिना ५६५ डॉलर आहे. डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या पार्ट बी चा सर्वसाधारण हप्ता २०२.९० डॉलर आहे. म्हणजे एका माणसाचे महिन्याला सुमारे ७६८ डॉलर आणि दोघांचे दीड हजारांहून जास्त, तेही पाच वर्षे उलटल्यावर. पार्ट ए न घेता फक्त पार्ट बी घेण्याची मुभा आहे आणि पुष्कळ वयस्क स्थलांतरित तेवढ्यावर भागवतात; पण मग रुग्णालयात दाखल झाल्यास मोठे बिल स्वतःच भरावे लागते.

ही पाच वर्षे आपण अमेरिकेत ग्रीनकार्डावर दाखल व्हाल त्या दिवसापासून सुरू होतील. आपली अर्धे वर्ष इथे आणि अर्धे तिथे ही योजना इथेच अडते. मेडिकेअरला ‘सलग वास्तव्य’ हवे असते आणि दर वर्षी सहा महिने नाशकात काढणाऱ्या माणसाचे खरे घर कोणते, असा प्रश्न अर्ज तपासणारा विचारणारच. शिवाय ग्रीनकार्डधारक एका वेळी १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहून परतला, तर तो नव्याने प्रवेश मागत आहे असे इमिग्रेशन कायदा धरू शकतो. वर्षाहून अधिक राहिल्यास कार्डच धोक्यात येते. तेव्हा विम्याच्या आधी कार्डाचा विचार करावा लागेल आणि त्यासाठी आपल्याला खरोखर कुठे राहायचे आहे ते घरात बसून एकदा नक्की ठरवावे लागेल. दोन्हीकडे पाय ठेवून राहण्याची सोय दोन्ही देशांचे कायदे फारशी देत नाहीत.

मधल्या पाच वर्षांचे काय? गरिबांसाठी असलेल्या मेडिकेडमध्ये १९९६ च्या कायद्याने ग्रीनकार्डधारकांवर पाच वर्षांची बंदी घातली आहे. त्यानंतरही आपल्यासाठी मुलाने भरून दिलेले आय-८६४ हे हमीपत्र आड येऊ शकते, कारण त्याचे उत्पन्न आपलेच समजून पात्रता ठरवता येते. हे हमीपत्र म्हणजे मुलाखतीपुरता लागणारा कागद असा अनेक घरांत समज असतो. प्रत्यक्षात ते कायद्याने बांधणारे असते आणि आपण नागरिक होईपर्यंत किंवा ४० तिमाह्या कामाच्या भरेपर्यंत सामान्यतः सुटत नाही. काही राज्ये स्वतःच्या तिजोरीतून केंद्रापेक्षा अधिक लोकांना सामावून घेतात, पण अशी धोरणे अर्थसंकल्पाबरोबर बदलतात. त्यांवर पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मांडू नये.

राहता राहिला खुल्या बाजारातला विमा, म्हणजे ज्याला तिथे मार्केटप्लेस म्हणतात. न्यू जर्सीचे स्वतःचे ‘गेट कव्हर्ड न्यू जर्सी’ आहे. तेथील पॉलिसी जुना मधुमेह किंवा रक्तदाब आहे म्हणून नाकारता येत नाही आणि वयामुळे हप्ता तरुणाच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही. ग्रीनकार्डावर नव्याने आलेल्याला वर्षाच्या ठरलेल्या नोंदणीकाळाची वाट न पाहता साठ दिवसांत नाव नोंदवता येते. ही मुदत हुकली तर पुढच्या नोंदणीपर्यंत थांबावे लागते. हप्त्यात सरकारी सवलत मिळेल का, हे घराच्या करपत्रकावर अवलंबून आहे. मुलाने आपल्याला त्याच्या विवरणपत्रात अवलंबित म्हणून दाखवले, तर त्याचे उत्पन्न मोजले जाईल. आपण स्वतंत्र विवरण भरले आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली निघाले, तर पूर्वी अशा नवागतांना, मेडिकेड मिळत नाही म्हणून, सवलत मिळत असे; ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या नव्या कायद्याने ती १ जानेवारी २०२६ पासून काढून घेतली. म्हणून जाण्यापूर्वीच मुलाला तिथल्या कर-सल्लागाराशी बोलायला सांगावे. न्यू जर्सीत विमा न घेतल्यास राज्याचा करदंड आहे, हेही त्याला ठाऊक असावे.

आता नाशिकच्या पॉलिसीविषयी. मेडिकेअर असो वा न्यू जर्सीतली पॉलिसी, भारतात उपचार घेताना तिचा उपयोग व्यवहारात होत नाही. इथली पॉलिसी सोडून चार-पाच वर्षांनी परत यावे लागले, तर नवी घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होईल. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली आहे, हे खरे. पण कंपनीने सत्तरीतल्या माणसाला पॉलिसी देणे आणि ती परवडणे या निराळ्या गोष्टी आहेत. वाढलेल्या हप्त्याबाबत दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही, तेव्हा पावतीवर तो लावलेला नाही ना हे पाहावे; आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी बोलावे, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. तरीही जड जात असेल तर विम्याची रक्कम कमी करून घ्यावी, पण सातत्य तोडू नये.

ग्रीनकार्डाने भारताचे नागरिकत्व जात नाही, त्यामुळे सत्तरी पूर्ण झाल्यावर ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी नागरिकत्वाची अडचण आपल्याला येणार नाही. त्या वेळी आपण इथे राहत असलात तर त्याचा विचार करावा.

प्रश्न : माझे जावई टेक्सासमध्ये नोकरीच्या एच-१बी व्हिसावर होते, मुलगी त्यांची पत्नी म्हणून एच-४ वर. नोकरी गेली आणि महिनाअखेर कंपनीचा विमाही संपेल. चार वर्षांच्या नातवाकडे अमेरिकी पासपोर्ट आहे, मुलगी पुन्हा गरोदर आहे. तिथले परिचित सांगतात की मुलासाठी सरकारी मेडिकेड घेतले तर ग्रीनकार्डाचा अर्ज बाद होतो. मुलगी घाबरून काहीच करत नाही. — पाथर्डी फाटा येथील एक आई

उत्तर : आपल्या मुलीपुढे साठ दिवसांच्या तीन मुदती आहेत आणि त्या एकाच दिवशी सुरू होत नाहीत, हे तिला आजच फोन करून सांगावे. नोकरीचा शेवटचा दिवस संपला की जावयांना दुसरी नोकरी शोधायला, दर्जा बदलायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवड असते. आय-९४ या प्रवेशनोंदीतली राहण्याची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी. कंपनीत वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर जुनाच विमा कोब्रा कायद्याखाली अठरा महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो आणि तो निवडायलाही साठ दिवस असतात. मात्र कंपनीचा वाटाही आता आपणच भरायचा असल्याने तो महाग पडतो. तिसरी मुदत मार्केटप्लेसची, विमा संपल्यापासून साठ दिवसांची. तिथे एच-१बी आणि एच-४ धारक कायदेशीर वास्तव्यात असल्याने आज पॉलिसी घेऊ शकतात आणि उत्पन्नानुसार सवलतही मिळवू शकतात. परंतु २०२५ च्या त्याच कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून ही सवलत मुख्यतः नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरती उरणार आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्यांना ती मिळणार नाही.

नातवाचा प्रश्न निराळा आहे. तो नागरिक आहे, त्याची पात्रता त्याच्या स्वतःच्या दर्जावर आणि घराच्या उत्पन्नावर ठरते. आई-वडील कोणत्या व्हिसावर आहेत यावर नाही. मेडिकेडसाठी चालू महिन्याचे उत्पन्न पाहिले जाते, त्यामुळे गेल्या वर्षी पगार मोठा होता म्हणून अर्जच करू नये असे मुळीच नाही. उत्पन्न थोडे जास्त निघाले तर मुलांसाठीची चिप योजना आहे.

मुलगी आणि जावई यांना प्रौढ म्हणून मेडिकेड मिळणार नाही, कारण एच-१बी आणि एच-४ हे त्या कायद्याच्या दृष्टीने पात्र दर्जे नाहीत. गरोदरपणासाठी मात्र टेक्सासमध्ये चिप पेरिनेटल म्हणून योजना आहे. ती पोटातल्या बाळाच्या नावे चालते, म्हणून आईचा इमिग्रेशन दर्जा तिला आड येत नाही. उत्पन्नाची मर्यादा असते. प्रसूतीपूर्व तपासण्या आणि प्रसूती यांचा त्यात समावेश होतो. चालू गरोदरपणात डॉक्टर बदलणे जोखमीचे असेल, तर काही महिने महागडा कोब्रा घेणेच शहाणपणाचे ठरते. इथे पैसे वाचवू नयेत, असे माझे मत आहे.

आता भीतीबद्दल. ग्रीनकार्ड देताना अर्जदार पुढे सरकारवर भार होईल का, हे पाहिले जाते. त्याला पब्लिक चार्ज म्हणतात. २०२२ च्या नियमानुसार त्यात मुख्यतः रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ ठेवून घेतलेली शुश्रूषा मोजली जाते. साधे मेडिकेड किंवा चिप नाही, आणि कुटुंबातल्या दुसऱ्याने घेतलेला लाभही नाही. म्हणजे परिचितांनी सांगितले ते या नियमाला धरून नाही. तथापि, नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने हा नियमच मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, म्हणून अर्जाच्या दिवशी कोणता नियम लागू आहे हे इमिग्रेशन वकिलाला विचारून मगच मुलीने स्वतःच्या नावे काही घ्यावे. नातवाच्या लसी आणि तपासण्या मात्र ऐकीव माहितीवर थांबवू नयेत.

आणि कळा सुरू झाल्या किंवा अचानक त्रास झाला, तर १९८६ च्या कायद्याने मेडिकेअरशी जोडलेल्या प्रत्येक रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला विमा किंवा व्हिसा न पाहता तपासून प्रकृती स्थिर करावी लागते. बिल नंतर येतेच. पण दारातून परत पाठवत नाहीत.

प्रश्न : मी ७१ वर्षांची आहे. तीस वर्षे अमेरिकेत राहून, तिथली नागरिक होऊन, दोन वर्षांपूर्वी गंगापूर रोडवरच्या घरी कायमची परतले. माझ्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) आणि आधार आहे. भाऊ म्हणतो, सत्तरीनंतर सर्वांना पाच लाखांचे आयुष्मान कार्ड मिळते आणि आधार पुरेसे आहे. शिवाय आमच्या जुन्या रेशनकार्डावर माझे नाव अजून आहे.

उत्तर : आपल्या भावाने सांगितलेले अर्धे बरोबर आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत घेतले जाते आणि नोंदणी आधारवर होते. परंतु आधार म्हणजे ओळख आणि वास्तव्य. तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायद्यातच लिहिले आहे. वर्षात १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी नागरिकालाही तो मिळतो, तसाच तो आपल्याला मिळालेला आहे.

नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे आपण अमेरिकेचे नागरिकत्व घेतले त्या दिवशी भारताचे संपले. ओसीआय कार्डधारकाला कोणते हक्क आहेत, हे केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत आजीवन व्हिसा, मालमत्ता, काही व्यवसाय, प्रवेशपरीक्षा, विमानाचे भाडे अशा बाबी आहेत, सरकारी आरोग्यविमा त्यात नाही. म्हणून संगणकाने आधार स्वीकारला एवढ्यावर कार्ड काढू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. उद्या दाव्याच्या वेळी कागद तपासले गेले, तर रुग्णालयाच्या खाटेवर पडून नागरिकत्वाचा खुलासा करण्याची वेळ येईल. रेशनकार्डावरचे नाव तर आपण होऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत कमी करून घ्यावे. ते भारतीय नागरिकांचे कार्ड आहे आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची पात्रताही त्यावर तपासली जाते.

मग आपल्याजवळ काय आहे? तिथे दहा वर्षे नोकरी झाली असेल तर पार्ट ए हप्त्याविना आहे, तो राहू द्यावा. पार्ट बी चा हप्ता इथे बसून भरणे अनेकांना व्यर्थ वाटते, कारण भारतातले बिल मेडिकेअर देत नाही. पण तो सोडून पुढे परत घ्यायचा झाल्यास प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे दहा टक्के जादा हप्ता लागतो आणि तो दंड सामान्यतः आयुष्यभर चालतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला जाण्याचा विचार असेल तर भरत राहावा. नाशिक सोडायचेच नाही असे ठरले असेल तर ते पैसे इथल्या खासगी पॉलिसीला लावावेत. ओसीआय धारकांना ती घेता येते. ७१ व्या वर्षी वैद्यकीय तपासणी होईल, हप्ता जड असेल, तरी उशीर केल्याने तो उतरणार नाही.

प्रश्न : मुलीला इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. व्हिसाच्या अर्जातच आरोग्य अधिभार म्हणून मोठी रक्कम मागितली आहे. हा विमा आहे का? तो टाळून इथून प्रवासविमा घेतला तर? — कॉलेज रोड

उत्तर : टाळता येत नाही, तो भरल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. तो विमा नसून, ब्रिटनची एनएचएस ही आरोग्यसेवा वापरण्यासाठी आगाऊ घेतलेला आकार आहे. ६ फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आणि इतर प्रौढांना १,०३५ पौंड असा दर आहे. वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा पुढचे काही महिने धरून मिळतो आणि सहा महिन्यांपर्यंतच्या जादा काळाला अर्धा दर लागतो, म्हणून ७७६ अधिक ३८८ असे १,१६४ पौंड धरून ठेवावेत. मुलीने पोहोचताच जवळच्या जीपी, म्हणजे एनएचएसच्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात नाव नोंदवावे. आजारी पडल्यावर नोंदणीला धावणारी मुले नेहमी अडचणीत येतात. दात आणि चष्म्याचे काम मात्र इथून करून पाठवावे. पदवीदान समारंभाला आपण दोघे गेलात, तर आपल्याला हा अधिभार नाही, पण रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येते. तेवढ्यासाठी आपला प्रवासविमा अवश्य घ्यावा.

प्रश्न : मुंबई-आग्रा महामार्गावर माझे हॉटेल आहे, पंधरा कामगार आहेत. आचारी नेपाळचा आहे, पगार १९ हजार. हिशेबनीस म्हणतो, परदेशी माणसाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होत नाही, त्याचे नाव घालू नका.

उत्तर : नाव घालावे. ईएसआयमध्ये कर्मचारी कोण, हे मजुरी घेऊन कामाला असण्यावर ठरते, नागरिकत्वावर नाही. पगार २१ हजारांच्या मर्यादेत आहे आणि कामगार दहाहून अधिक आहेत, एवढे पुरते. त्याच्या पगारातून पाऊण टक्का आणि आपले सव्वातीन टक्के, म्हणजे दरमहा १४२ रुपये ५० पैसे आणि ६१७ रुपये ५० पैसे भरायचे आहेत. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात त्याला उपचार मिळतील. वगळून ठेवले आणि स्वयंपाकघरात भाजण्याचा अपघात झाला, तर थकलेल्या वर्गणीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते. बाकीच्या चौदांपैकी कोणी उत्तर प्रदेश किंवा बिहारचे असतील, तर त्यांचे गावाकडचे आयुष्मान कार्ड नाशकातल्या संलग्न रुग्णालयांतही चालते, हेही त्यांना सांगावे.